यात बदाम कुठाय?

मित्रांनो, हॉस्पिटलातल्या आमच्या तपासणीच्या खोलीत दोनच गोष्टी साठत गेल्या: रिपोर्टच्या कागदाच्या सुरळ्या आणि किस्से. सुरळ्या दर दिवाळीला रद्दीत जायच्या, किस्से मात्र कुणीच नेले नाहीत. शेवटी माझ्याच डोक्यात राहिले!

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात मी टेक्निशियन होते आणि आमचे साहेब होते डॉ. देवस्थळी. हृदय तपासायचं नवं एको मशीन आलं, तेव्हा त्यांनी त्याला हार घातला होता. पेनासारखा प्रोब छातीवर टेकवायचा, तो आत आवाज सोडणार आणि परतलेल्या आवाजावरून पडद्यावर रेघा उमटणार. हृदयाची भिंत किती हलते आणि कधी हलते, सगळं त्या रेघांत. चित्रबित्र काही नाही, नुसत्या लाटा!

पहिल्याच दिवशी एका कंपनीतला वेल्डर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग नाराज होऊन म्हणाला, “ताई, यात बदाम कुठाय?”

* * *

तळवड्याच्या एक आजी आल्या. रेघा स्पष्ट याव्यात म्हणून साहेब म्हणाले, “आजी, श्वास रोखा.” आजींनी रोखला. रेघा इतक्या सुंदर आल्या, की साहेब मापं घेण्यात रंगून गेले. “वा! क्या बात है! ही मागची भिंत बघा!” असं मला दाखवत बसले.

आजींचे डोळे मोठे व्हायला लागले. मी साहेबांना कोपर मारणार, तेवढ्यात आजींनीच तोंड उघडलं.

“आरं, सोड म्हन की! भित बघता बघता घरच पडंल माजं!”

* * *

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून आमच्याकडे गर्दी. आणि नेमकी गुरुवारीच लाइट जायची! एकदा एक काका तपासणीला झोपलेले, पडद्यावर स्वतःचं हृदय कौतुकानं बघत होते. खटकन सगळा अंधार.

काकांचा बारीक आवाज आला, “डॉक्टर... बंद पडलं का हो?”

“मशीन बंद पडलंय, काका. तुम्ही चालू आहात!”

“नक्की ना?”

* * *

आमच्या रिपोर्टचा कागद मोठा नाजूक. उजेडात ठेवला की काळा पडायचा. पिंपळे गुरवच्या एका फिटरभाऊंना रिपोर्ट नॉर्मल आल्याचा इतका आनंद झाला, की त्यांनी त्या कागदाच्या पट्टीची फ्रेम केली आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, “हे माझं हार्ट!”

थोड्याच दिवसांत ते फ्रेम काखेत मारून धापा टाकत हजर. चेहरा उतरलेला. मागून बायको डोळे पुसतेय.

“ताई, खरं सांगा,” ते म्हणाले, “हार्ट पूर्ण काळं पडलंय. आता किती दिवस?”

साहेबांनी पुन्हा तपासलं, नवी पट्टी काढून दिली. बायकोनं ती घडी घालून पदराखाली धरली आणि नवऱ्याला दम भरला, “आता ही कपाटात राहील. अन् तुम्हीबी उन्हात हिंडू नका!”

* * *

एका कंपनीच्या गेटवर एक टाइमकीपर होते. भोंगा झाल्यावर एक पाऊल जरी बाहेर असलं, तरी लेट मार्क. अख्खी शिफ्ट त्यांना टरकून असायची. ते तपासायला आले, तर त्यांच्या हृदयाची मधली भिंत मागच्या भिंतीपेक्षा किंचित उशिरा हलत होती.

साहेबांनी समजावलं, “दोन्ही भिंती एकाच वेळी आत यायला हव्यात. तुमची मधली जरा लेट येते.”

बाहेर बाकावर बसलेल्या कामगारांत हशा पिकला. टाइमकीपरांनी गंभीरपणे विचारलं, “किती मिनिटं?”

“मिनिटं कसली! सेकंदाचा बारीकसा तुकडा. औषध देतो, काळजी नको.”

“हां,” ते शर्टाची बटणं लावत म्हणाले, “तेवढं आम्ही सोडतो.”

* * *

आणि पिंपरीची सुजाता. प्राथमिक शाळेत शिक्षिका. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, तेव्हा कुणीतरी ‘हृदय कमजोर असेल’ म्हणालं आणि ते तिला चिकटलंच. याआधीची स्थळं त्यावरूनच मोडली होती. आता नव्या स्थळाच्या मुलाची आई म्हणाली, मशीनवर बघू, मगच पुढं. मुलगा टर्नर होता. आईमागे गप्प उभा.

मुलाला बाहेर बसवून पडदा ओढला. सुजाता छताकडे बघत होती, मूठ घट्ट आवळलेली. साहेबांनी झडपा बघितल्या, भिंती मोजल्या, परत मोजल्या. त्या दिवशी ‘क्या बात है’ नाही, काही नाही.

मग म्हणाले, “एकदम उत्तम. काहीसुद्धा दोष नाही.”

“म्हणजे पास?” मुलाच्या आईनं विचारलं.

“पास!”

सुजाता उठली, साडी नीट केली, पडदा सारून बाहेर बघत म्हणाली, “आता यांचं.”

“त्याचं कशाला गं? त्याला काय झालंय?” मुलाची आई म्हणाली.

“मला तरी काय झालं होतं, आई?”

मुलगा उठून आत आला. एकदा आईकडे बघितलं आणि स्वतःहूनच शर्ट काढून टेबलावर आडवा झाला. साहेबांनी प्रोब टेकवला आणि पडद्यावर रेघा अशा उसळल्या, की मापच घेता येईना!

“अरे, घाबरलायस का?”

“हो,” तो म्हणाला. “नाही म्हणाली तर?”

सुजाता पडद्याजवळ येऊन उभी राहिली. त्या पळणाऱ्या रेघांकडे तिनं शांतपणे, पेपर तपासावा तसं बघितलं. मग मुलाच्या आईकडे वळली.

“मला पसंत आहे.”