दामोदररावांच्या फोटोला हार

बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या दामोदररावांना प्रत्येक विषयावर मत होतं, आणि ज्यातलं काही कळत नसे त्यावर जरा जास्तच ठाम. वरच्या खोलीत पूर्व तिमोरची नर्सिंगची विद्यार्थिनी राहायला येणार म्हटल्यावर त्यांना नकाशात तो देशच सापडेना. सापडला त्याच संध्याकाळी ते शेजारच्या शेषगिरींना त्या देशाबद्दल समजावून सांगत होते. शेषगिरी बिचारे कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत मागे सरकत होते.

मुलीचं नाव एर्मेलिंदा, ती तेतुन समाजाची. त्यांच्या गावी घर आईकडून लेकीला मिळतं आणि नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. प्रेमाताईंना, म्हणजे दामोदररावांच्या बायकोला, हे इतकं आवडलं की त्यांनी भाडं तिथल्या तिथे कमी केलं. खोलीत एर्मेलिंदानं मारियामातेची तसबीर लावली. शेजारी बशीत पूर्वजांसाठी विड्याचं पान आणि सुपारी. रविवारी न चुकता चर्च. दातांच्या डॉक्टरनं दामोदररावांचं पान बंद केलं होतं, त्यामुळे वर नळ बघायला गेले तरी त्यांची नजर त्या बशीवरच.

तिच्या छातीवर कायम काळ्या कापडाचा एक तुकडा टाचलेला असे. वडील गेले तेव्हा तिचं इकडचं तिकीट निघालेलं होतं. त्यांनीच काढलं होतं. महिन्याभरात ती काळं लावूनच बंगळूरला आली. वर्ष सरलं की घरच्या वडीलधाऱ्यानं ते काळं काढायचं, मग प्रार्थना, जेवण आणि नाच. याला ते 'कोरे मेतान' म्हणतात. पण नेमकी परीक्षा आली आणि घरी जाणं राहिलं.

"तियू," ती एका सकाळी कॉफी पिताना म्हणाली. तियू म्हणजे काका. "या रविवारी वर्ष पुरं होतंय. तुम्ही काढाल माझं काळं?"

जगाला सल्ले देणारे दामोदरराव गडबडले. परक्याचं सुतक, त्यात संक्रांतीचा आठवडा. "बघू," ते म्हणाले.

आपल्याकडे 'बघू' म्हणजे नाही, हे तिला कोण सांगणार? तिनं आईला फोन करून कळवलं, माणूस मिळाला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिथल्या मराठी मंडळानं दामोदररावांचा सत्कार केला आणि चंदनाचा हार घातला. दुसऱ्या दिवशी घरी हळदीकुंकू होतं. चार बायकांना दिसावा म्हणून दामोदररावांनी तो हार दिवाणखान्यातल्या आपल्याच फोटोला घातला. शेजारी त्यांच्या वडिलांचा फोटो, तोही हारातला.

"अहो, काढा तो. माणूस गेल्यावर घालतात," प्रेमाताई म्हणाल्या.

"चंदनाचा आहे. वास दरवळतो," दामोदरराव म्हणाले, आणि बायका यायला लागल्यावर तिळाचे लाडू वळायला स्वयंपाकघरात हद्दपार झाले.

दुपारी एर्मेलिंदा हॉस्पिटलमधून आली आणि दारातच थबकली. दिवाणखाना काळ्या साड्यांनी भरलेला. संक्रांतीला आपण काळं नेसतो हे तिला ठाऊक नव्हतं. हार गेलेल्या माणसाला घालतात, हे मात्र प्रेमाताईंनीच तिला सासऱ्यांचा फोटो दाखवून शिकवलं होतं. बायका हसतबोलत होत्या, पण तिच्या गावी मयताच्या घरीही माणसं गप्पा मारतात, पत्तेसुद्धा खेळतात. दामोदरराव कुठे दिसत नव्हते.

ती तडक वर गेली, मेणबत्ती आणि पानसुपारी घेऊन खाली आली, आणि फोटोपुढे गुडघे टेकून बसली. बायका वळून बघू लागल्या. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि सगळ्यांना कळावी म्हणून आपल्या मोडक्या इंग्रजीत प्रार्थना सुरू केली.

दामोदरराव लाडवाच्या हातानं दाराआडून बघत होते. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं, मेणबत्तीच्या उजेडात हार काय शोभतोय.

"देवा, हा माणूस फार बोलायचा," ती म्हणत होती. "पण मी जेवले का, हे रोज विचारायचा. माझं काळं तोच काढणार होता. त्यानं शब्द दिला होता." पुढे तिला रडू आवरेना.

निवृत्तीच्या समारंभात दामोदररावांवर लांबलचक भाषणं झाली होती, पण कोणी रडलं नव्हतं. त्यांना स्वतःच्या 'बघू'ची भयंकर लाज वाटली. ते तसेच बाहेर आले.

"लिंदा, मी आहे."

कोणाच्या तरी हातून कुंकवाचा करंडा पडला. एर्मेलिंदानं उठून आधी त्यांची नाडी धरली. ती नीट लागल्यावर हसली, आणि मग पुन्हा रडली.

"सांगत होते, हार काढा," प्रेमाताई म्हणाल्या. दामोदरराव एर्मेलिंदाला म्हणाले, "रविवारी तुझं काळं मीच काढणार."

रविवारी चर्चहून सगळे घरी आले. तिच्या मैत्रिणी होत्या, शेषगिरीही होते. दामोदररावांनी तिची पिन काढायला घेतली. जन्मभर यंत्रं उघडलेल्या माणसाला ती उघडेना. अखेर ती सुटली. काळा तुकडा मेणबत्तीजवळच्या बशीत ठेवला गेला आणि मैत्रिणींनी गाणी लावली. गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढं दामोदररावही नाचले. त्याला नाच म्हणायचा का, यावर शेषगिरींनी मत राखून ठेवलं.

मग एर्मेलिंदानं आपल्या वडिलांचा तळहाताएवढा फोटो आणून दामोदररावांच्या वडिलांच्या फोटोशेजारी ठेवला. दामोदररावांनी आपल्या फोटोवरचा हार काढला आणि दोन वेढे देऊन त्या फोटोला घातला. प्रेमाताईंनी एक विडा तिथे ठेवला आणि दुसरा नवऱ्याच्या हातात दिला.

दामोदररावांना खरं तर भाषण करायचं होतं. पण फोटोकडे बघून त्यांना एवढंच बोलता आलं, "मुलगी जेवते वेळेवर. मी विचारतो रोज."