गाडी निघाली हाय

"ए म्हाताऱ्या, या फोनात बोल. तुझं गाव कुठं ते सांग."

साहेबाने स्पीकर चालू केला. मी झाडू भिंतीला टेकवला. म्हणालो, "पोलादपूरच्या पलीकडं हाय."

"पलीकडं हाय," कुणीतरी नक्कल केली. सगळं ऑफिस हसलं. मुंबईहून फोन बसवायला आलेला इंजिनियरही हसला. साहेब म्हणाला, "हाच आवाज पाहिजे. एकदम गावठी. गिऱ्हाईक लगेच विश्वास ठेवतं."

याच साहेबाने मला पाहुण्यांसमोर कधी तोंड उघडू दिलं नव्हतं. चहा ठेवायचा आणि निघायचं. माझ्या बोलण्याने ऑफिसची शोभा जाते म्हणे.

ऑफिस म्हणजे बिरवाडीतली एक खोली. टेबलांवर नेटवर चालणारे नवे फोन. इंजिनियर कॉम्प्युटरवर नंबर जोडत होता. पोलादपूरचा नंबर या फोनवर, महाडचा त्या, कशेडी घाटाचा पलीकडच्या.

मी विचारलं, "पोलादपूरला आपलं ऑफिस हाय?"

"काका, ऑफिस कशाला लागतं? फोन कुठूनही उचलता येतो."

साहेब या नव्या धंद्यावर खुशीत होता. त्याने मोबाइल दाखवला. रुग्णवाहिका शोधली की पहिलं नाव आमचं. वरची जागा पैसे भरून घेतलेली. बाजूला बारीक अक्षरात 'जाहिरात'. ज्याची खरी गाडी दारात उभी, तो खाली कुठंतरी.

"आणि आपल्या गाड्या?"

"गाड्या नाहीत रे. फोन आला की बाहेरच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना विचारायचं, कोण जातो. तोवर गिऱ्हाईक हलता कामा नये. म्हणून तू सांगायचं, गाडी निघाली हाय, रस्त्यावर थांबा."

हे मी आधी ऐकलं होतं.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या छातीत कळ आली. शेजारच्या सुनेने मोबाइलवर शोधलं. पहिल्याच नावात पोलादपूर. आपलीच माणसं, म्हणून तोच नंबर लावला. गाडी निघाली, म्हणाले. तिला धरून रस्त्यावर आणलं. भाजीचा टेम्पो थांबला. "चला, पोचवतो."

आमच्याकडे एक गाडी सांगितली की दुसरीत बसत नाहीत. आलेला माणूस मोकळा परत जातो, ते वाईट. बायकोनेच हात हलवला. "तो लांबून येतोय. बरं दिसत नाय."

टेम्पो गेला. गाडी आली नाही. माझ्या मांडीवर गेली ती. दुसऱ्याची फेरी वाया जाऊ नये म्हणून.

तेव्हा कुठल्या खोलीतून बोलले, कोण जाणे. असल्या खोल्या किती असतील. मला त्या चकचकीत फोनांची किळस आली. जिभेवर घाण ठेवल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात कशेडीचा फोन वाजला. साहेबाने मला ओढून खुर्चीत बसवलं. त्या ऑफिसात खुर्चीत मी पहिल्यांदा बसलो.

"दादा, माझे सासरे पडलेत. शुद्ध नाय. गाडी येते ना?"

साहेब हाताने खुणावत होता. बोल, बोल.

मी म्हणालो, "बाय, गाडी निघालेली नाय. इथं गाडीच नाय. ट्रक येवो, टेम्पो येवो, हात दाखव आणि त्यात घाल. कुणासाठी थांबू नको."

साहेबाने फोन कापला. "गिऱ्हाईक घालवलंस, हरामखोर."

"माणूस पडलाय तिथं."

"तुमच्यासारख्यांना खुर्ची दिली की हेच होतं."

"ठेवा तुमची खुर्ची," म्हणालो आणि उठलो. इंजिनियर स्क्रीनकडे बघत राहिला. आता हसत नव्हता.

काम गेलं. त्या बाईचा सासरा वाचला का, मला कधी कळणार नाही.

आता मी गावोगाव फिरतोय. तुडीलला जाऊन आलो. सांगतोय, फोन लावा, पण वाट बघू नका. पहिली दिसेल त्या गाडीत आजाऱ्याला घाला. मागून कुणी आला आणि मोकळा गेला, तर जाऊ दे. शिव्या देईल, देऊ दे. माझ्या बायकोच्या चांगुलपणावर यांनी धंदा मांडलाय. तो चांगुलपणा मी घराघरातून मोडून काढणार.