इपेलीचे बूट

नवऱ्याचे सीलच्या कातड्याचे बूट वाळून कडक व्हायचे, म्हणून उलायुक रोज सकाळी त्यांचे तळवे चावून मऊ करायची. क्षय झाला म्हणून इपेलीला जहाजातून दक्षिणेच्या इस्पितळात नेलं. परत आले ते नुसते बूट. तरीही तिचं चावणं चाळीस वर्षं सुटलं नाही. शेवटचा दात पडला, तेव्हाच तिनं ते गावातल्या छोट्या संग्रहालयाला दिले.

आज काचेआड ते बघून ती भडकली. "लीटिया, उघड ते कपाट! पार लाकूड झालंय त्यांचं."

तिथं कामाला असलेली नात म्हणाली, "आजी, हात लावायचा नाही. नियम आहे."

"खड्ड्यात गेला तुझा नियम! तुझे दात शाबूत आहेत ना? मग चाव. तो आला तर काय बर्फात अनवाणी फिरेल?"