अक्काची मुकी खोली

"उना का आवाज?"

आतून दार धाडकन उघडायचं आणि अक्का हे विचारत बाहेर यायची. मी भिंतीला कान लावून उभा असायचो. "आला," म्हटलं की तिच्या हातात जे असेल ते जमिनीवर आपटलं जायचं. कधी थापी, कधी तांब्या, एकदा माझाच मोबाइल. मोबाइलची काच फुटली तेव्हा वर मलाच म्हणाली, "तू खरं काबर बोलना?"

धुळ्यात देवपुरात माझं मंडप-डेकोरेशनचं गोडाऊन आहे. त्याच्या मागे अक्काचं घर. ती माझी नात्याची कोणी नव्हती, सगळी गल्लीच तिला अक्का म्हणायची. नवरा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, तो गेला. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिचा धाकटा दीर सुपडू, अशी दोघंच. सुपडूचं लग्न झालं नाही. पारोळ्याकडे त्याची थोडी कपाशीची शेती होती. सकाळी शेतावर जायचा, दुपारी परत यायचा, आणि दोन वेळचं जेवण अक्काच्या हातचं जेवायचा.

जेवण आणि मार, असं म्हणायला हवं. कारण या दीर-भावजयीचं भांडण रक्त निघाल्याशिवाय थांबत नसे. तोंडाने भांडणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. ही दोघं हाताने भांडायची. तिने धुण्याची मोगरी उचलली की तो काठी शोधायचा. मी दोघांच्या मध्ये पडायचो आणि दोघांचाही मार खायचो. मग दोघांना एकाच स्कूटरवर बसवून दवाखान्यात न्यायचो, आणि तिथे डॉक्टरसमोर आधी कोणाला टाके घालायचे यावरून ती पुन्हा भांडायची.

भांडणाचं मूळ होतं अक्काचा गळा. असा गळा मी दुसरा ऐकला नाही, आणि मंडपाच्या धंद्यात मी शेकडो लग्नं ऐकली आहेत. हळदीची गाणी, देवाची गाणी ती म्हणायचीच, पण तिचा खरा हात होता गाळ्यांवर. आमच्याकडे लग्नात बायका व्याह्याला गाण्यातून शिव्या घालतात, तीच गाळ. त्याचं नाव घेऊन, त्याच्या नाकापासून धोतरापर्यंत सगळं काढतात. त्याचा कोणी राग मानत नाही. उलट गाण्यात आपलं नाव आलं नाही तर व्याही रुसून बसतो. मग डीजे आले, बायकांचे गळे त्या धडधडाटात बुडाले आणि अक्काला बोलावणी येईनाशी झाली.

तिने ठरवलं, आईकडून आलेली सगळी गाणी रेकॉर्ड करून मोबाइलवर टाकायची. गळा फाटायच्या आत. या एका गोष्टीसाठी ती वेडी झाली होती. म्हणून जळगावच्या एका स्टुडिओत गेली. तिथल्या माणसाने काचेपलीकडून सांगितलं, "ताई, जरा हळू म्हणा, मशीनला सोसत नाही." अक्काने कानावरचा हेडफोन काढला, बाहेर येऊन तो त्याच्या कानफटात मारला आणि पुढच्या बसने धुळ्याला परत आली.

"गाळ हळू म्हनतस का कोनी?" मला तिने विचारलं. "आपला इस्टुडिओ आपन बांधू."

घरी गाणं शक्य नव्हतं, कारण तिने तोंड उघडलं की सुपडू ओसरीवरून ओरडायचा, "मन्हा भाऊ मरी गया आनि हाई गाना म्हनी ऱ्हायनी!"

"तुन्हा बापनं घर शे का हाई?"

"हा, मन्हा बापनंच शे!"

ते खरंच होतं. त्यामुळे पुढचं बोलणं मोगरीनेच व्हायचं.

मागच्या अंगणात बकऱ्यांचा जुना गोठा होता. त्याचीच खोली करायची ठरली. पैसे नव्हतेच, तेव्हा जे फुकट मिळेल ते भिंतीला. अक्काने देवपुरातल्या सगळ्या ऑम्लेटच्या गाड्या पालथ्या घातल्या आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणले. आम्ही दोघांनी ते आतून चिकटवले. दिसायला फार छान दिसले. आवाज जसाच्या तसा बाहेर. त्या ट्रेंनी खोलीतला घुमारा तेवढा गेला, बाकी काही नाही. अक्काने ते उपटून अंगणात ढीग घातला आणि पेटवून दिला.

मग मी माझ्या मंडपाच्या फाटक्या सतरंज्या आणि पडदे दिले. बाहेरच्या विटांच्या भिंतीपासून चार बोटं सोडून आत फळ्यांची दुसरी भिंत उभी केली. या दोन भिंती कुठेही एकमेकींना लागता कामा नयेत, लागल्या की आवाज तिथून पार होतो, एवढं मला मंडपात स्पीकर बांधून बांधून कळलं होतं. दार दुहेरी प्लायचं केलं. कडेने जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या. आतून गोधडी मारली. दार बाहेर उघडणारं ठेवलं, म्हणजे आतली जागा वाचते.

आवाज बाहेर येतो की नाही हे तपासायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. सुपडू होता. अक्का आत जाऊन पूर्ण गळ्याने गाळ म्हणायची, आणि व्याह्याच्या नावाच्या जागी सुपडूचं नाव घालायची.

*सुपडू याही उना, टोपी इसरी गया*
*टोपीना मांगे मांगे, डोकं बी इसरी गया*

सुपडू काठी घेऊन ओसरीवरून उठला, की समजायचं, आवाज येतो. मग मारामारी. मग नवा थर. एकदा त्याने वीट फेकली ती तिच्या मनगटावर बसली. तिने त्याच्या दंडाचा असा चावा घेतला की मला तिचे जबडे हाताने सोडवावे लागले. संध्याकाळी बघतो तर तीच त्याच्या दंडावर हळद भरत होती आणि तो तिला म्हणत होता, "हळू ना वैनी, दुखस."

मी त्याला एकदा विचारलं, "सुपडू, एवढं झोंबतं कशाला? गाळच आहे ती."

तो काठीने माती उकरत बसला. मग म्हणाला, "मन्हं लगीन नही, पोर नही. मी कोना याही व्हनार? मन्हं नाव कोनी गाळमा घेवाव नही. हाई एकटीच लेस." आणि लगेच माझ्यावर खेकसला, "कोनले सांगू नको, नही तं डोकं फोडसू."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आता सांगतो आहे, कारण माझं डोकं फोडायला तो नाही.

शेवटचा थर त्याचाच. एका दुपारी शेतातून येताना कापसाची पोती घेऊन आला. ती अंगणात आपटली. "हाई भर भितमा. तुन्हा आवाज आयकी आयकी मन्हा कान फुटी गयात." अक्काने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच उलट बोलली नाही. दोन भिंतींमधल्या जागेत आम्ही तिघांनी तो कापूस कोंबला. सुपडू काठीच्या टोकाने ठासत होता.

त्यानंतर अक्का आत गेली. दार बंद झालं. आम्ही दोघं बाहेर विटांवर बसलो. चहा संपला तरी काही नाही. सुपडूने दाराला कान लावला, भिंतीला लावला.

"बठ्ठा बंद," तो म्हणाला. थोड्या वेळाने विचारलं, "काय म्हनी ऱ्हायनी व्हई ती?"

"तुझंच नाव घेत असेल," मी म्हटलं.

अक्का घामाने भिजून बाहेर आली, आणि आवाज आला नाही हे कळल्यावर तिने आनंदाने सुपडूच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याची टोपी उडाली. पुढे रोज दुपारी ती आत जाऊन मोबाइलला माइक लावून गाणी भरू लागली. गाणी गावोगाव जाऊ लागली. मारामाऱ्या बंद झाल्या. सुपडूला मात्र करमत नव्हतं. शेतावरून आला की तो ओसरी सोडून त्या मुक्या खोलीच्या दाराशीच बसायचा.

मे महिन्यात त्याचं पारोळ्याच्या बाजारात भांडण झालं. शेताच्या बांधावरून. बांधाला बांध लागून असलेल्या दोघा भावांपैकी एकाला त्याने भर बाजारात चपलेने मारलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते दोघं मोटरसायकलवर देवपुरात आले. हातात लोखंडी गज.

त्या वेळी आमच्या गल्लीत माणूस दिसत नाही. प्रत्येक घराचं दार लावलेलं आणि प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत असतो. सुपडू ओसरीवर ओरडला असेल, ते कोणाला, गोडाऊनमध्ये मलाही, ऐकू गेलं नाही. समोरच्या बाईंनी फक्त दोन माणसं मोटरसायकलवर बसून जाताना पाहिली. ओसरीपासून मागच्या अंगणापर्यंत रक्त सांडलं होतं. सुपडू सरपटत त्या दाराशी गेला होता. दारावर त्याच्या पंजाचे लाल ठसे होते, खाली खाली उतरत गेलेले. आत अक्का गात होती.

गाणं संपल्यावर तिने दार ढकललं. उघडेना. बोटभर फट पडली आणि पुन्हा मिटली. तिला वाटलं, हा मुद्दाम टेकून बसला आहे.

"सरक रे सुपड्या! दारले काबर बसना?"

तिने त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. हे त्या रात्री तिनेच मला सांगितलं. बराच वेळ दिल्या, म्हणाली. मग खांदा लावून दार रेटलं तेव्हा फटीतून त्याची बाही दिसली.

ती अनवाणी माझ्या गोडाऊनमध्ये आली. लुगडं गुडघ्यांपाशी लाल. माझा हात धरून मला ओढत नेलं. दवाखान्यात नेताना सुपडू रिक्षातच संपला. त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ते दोघं भाऊ पुढे पकडले गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घरी आणलं. आमच्याकडे बायका सूर धरून रडतात, माणसाचं सगळं आयुष्य त्या रडण्यात येतं. गल्लीत कोणीही जावो, पहिला सूर अक्काचा असायचा, मग बाकीच्या धरायच्या. त्या दिवशीही बायका तिच्याकडे बघत थांबल्या. अक्काने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. आला नाही. शेवटी एका म्हातारीने कसाबसा सूर लावला.

अक्का उठली. कोपऱ्यातली कुदळ तिने उचलली आणि मागच्या अंगणात गेली. पहिला घाव दारावर. मी धरायला गेलो तेव्हा दांडा फिरवून तिने माझ्या खांद्यावर असा हाणला की पुढे महिनाभर मला तो हात उचलता आला नाही. मग कोणी पुढे झालं नाही. प्लाय फाटलं, ट्यूबच्या पट्ट्या लोंबल्या, बिजागऱ्या निखळल्या. ती भिंतीकडे वळली. विटा पडल्या, फळ्या मोडल्या, आणि आतून सुपडूच्या शेतातला कापूस भसाभस बाहेर आला. तिच्या हातातून रक्त वाहत होतं. कापूस तिच्या हातांना, केसांना, तोंडाला चिकटत होता आणि ती घाव घालतच होती.

सगळी भिंत आडवी झाली तेव्हा कुदळ तिच्या हातातून सुटली.

"सुपडूभाऊ!" ती ओरडली. "दार उघाडं शे रे! आते बोल, मी आयकस!"

आता ती बोदवडला बहिणीकडे असते. मी कधी फोन केला तर बहीणच बोलते, अक्का फोनवर येत नाही. पण त्या दुपारी तो आवाज अंगणातून निघाला आणि गल्लीभर गेला. अंगणातली माणसं जागच्या जागी उभी राहिली. समोरच्या घरातला कूलर बंद झाला. मग शेजारचा. मग एकेक करत सगळ्या गल्लीतले बंद झाले, आणि लोक दारं उघडून बाहेर आले.