बापू आणि मी घाबरून सांगितलेला दर

ज्या माणसाचा फोन मी दोन दिवस मुद्दाम उचलला नाही, त्याला जाऊन आज वर्ष झालं.

बापू. देवगडचे आंबा बागायतदार. माझे पहिले क्लायंट.

पुण्यातली नोकरी सोडून मी ओरोसला आईबाबांच्या क्वार्टर्सवर परत आले होते. म्हटलं, घरी बसून वेबसाइट करून देईन. बाबांच्या ओळखीतून बापूंचा फोन आला. आंबा थेट गिऱ्हाइकाला विकायचा आहे, साइटचे किती घेशील?

मी म्हटलं, आठ हजार.

ते काही म्हणायच्या आतच घाईघाईने म्हटलं, सात करू का?

"बाग बघूक नाय, आंबो बघूक नाय, नि दर कसो सांगितलस गो?"

मला वाटलं, महाग वाटलं त्यांना. इतकी मी शहाणी.

महिनाभर खपून साइट केली. फोटो गॅलरी, 'आमच्याविषयी', इंग्रजी पान, सगळं. ऑर्डरच्या पानावर लिहिलं, एक पेटी, अमुक रुपये.

बापूंच्या सूनबाईंनी, म्हणजे वहिनींनी, ते उघडून एकच विचारलं. पेटीत डझन किती?

मला माहीतच नव्हतं. पेटी तेवढीच असते, पण मोठं फळ चार डझन मावतं, बारीक सात डझन. प्रत्येकाचा दर वेगळा. आणि माझा फॉर्म, स्टॉक, हिशेब, सगळं एका पेटीवर उभं होतं.

सीझन पंधरा दिवसांवर.

मी फोन सायलेंट केला आणि पांघरूण घेऊन पडले. खोटं कशाला सांगू, परत पुण्याला पळायचा विचार चालला होता.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तिसऱ्या दिवशी बापू दारात. देवगडहून तळेरे, तळेऱ्याला गाडी बदलून ओरोस. घामाने शर्ट भिजलेला.

"माका वाटला, तुका बरा नाय."

आई चहा ठेवायला गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "यंदा मुंबयच्या दलालाक माल देवचंय नाय म्हणान सांगून टाकलंय. सगळो आंबो तुझ्या साइटवर आसा. दोन दिस झोपाक नाय मी."

एका माणसाचं अख्खं वर्ष माझ्या लॅपटॉपमध्ये होतं आणि मी पांघरुणात होते.

सगळं कबूल केलं. वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी फक्त विचारलं, नीट करायला किती दिवस?

आठ, म्हटलं.

"खरा सांग."

पंचवीस.

त्यांनी माझं पेन घेतलं. पानांच्या यादीतून गॅलरी खोडली. इंग्रजी पान खोडलं. 'आमच्याविषयी'सुद्धा, ज्यात त्यांचा फेटा बांधलेला फोटो होता आणि जो त्यांना फार आवडला होता. उरलं एकच पान. फळ केवढं, डझन किती, दर काय, फोन नंबर.

"आता किती दिवस?"

दहा. हे मोजून सांगितलं होतं.

मग म्हणाले, आता तुझा दर सांग. मी घाबरत वहीत झालेला महिना आणि पुढचे दहा दिवस मोजायला घेतले. ते थांबले. चहा संपला तरी थांबले. शेवटी मी अठरा हजार म्हटलं आणि त्यांनी मान हलवली.

साइट वेळेत सुरू झाली. पहिल्या दिवशी एकही ऑर्डर नाही. बापू तासातासाला फोन करायचे. मी प्रत्येक फोन उचलला. दोघं मिळून घाबरायचो. तिसऱ्या दिवशी ठाण्याची एक पेटी गेली, आणि मग ऑर्डरी येत राहिल्या. शेवटची पेटी गेली त्यानंतर महिन्याभरात बापू गेले. हार्ट.

त्यानंतर चार जणांची कामं केली. प्रत्येक वेळी दर सांगायच्या आधी मला घाम फुटतो.

काल वहिनींचा फोन आला. साइटवर काजू आणि कोकम घालायचं आहे, किती घेशील?

मी लगेच म्हटलं, "पैसे कसले वहिनी, बापूंचं काम ते."

वहिनी म्हणाल्या, "बापूनी हॉस्पिटलात तुझ्याविषयी सांगितल्यानी माका. ती फुकट म्हणतली, माया म्हणान नाय, भियान. आयकू नको."

ते अगदी खरं होतं, पैसे मागायलाच मी भ्याले होते.

वही घेतली, दिवस मोजले. भीती होतीच, पण आकडा सांगितला, बापू. एक रुपया कमी केला नाही.

तुमच्या आठवणीला मनापासून नमस्कार.