गाडी आपल्या पायांनी गेली

जगात घाई नावाची गोष्ट आहे, हे माझ्या सासऱ्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, आमच्या पलीकडच्याच गल्लीत ते राहतात. चहा ठेवला की साय कशी आकसते ते बघत उभे राहतात. चहा उतू गेला की शांतपणे "गेला वाटतं" म्हणून नवं आधण ठेवतात. हिरव्या सिग्नलला ढग बघत थांबतात आणि मागचे हॉर्न ऐकून मला विचारतात, "लोक किती उत्साही असतात, नाही?"

सासूबाई वारल्यापासून सासूबाईंची गाडी ड्राइव्हवेमध्येच उभी होती. दर रविवारी सासरे शेजारच्या सीटवर बसत, हात लांबवून किल्ली फिरवत आणि इंजिनाची घरघर ऐकत बसत. एका रविवारी ती सुरूच होईना. माझी बायको म्हणाली, "बाबा, आता डोनेट करू या. संस्थेचे लोक टो करून नेतील."

"उचलून नाही न्यायची. हिची गाडी आहे. आपल्या पायांनी जाईल."

बॉनेट उघडलं, तर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर निळी-हिरवी भुकटी चढलेली आणि केबलचे कनेक्टर गंजाने पार खाल्लेले. मेकॅनिकला फोन करतो म्हणालो, तर त्यांनी माझ्या हातात पाना दिला. आधी मायनसची केबल सोडवली, मग प्लसची. सोड्याचं पाणी ओतल्यावर सगळं फसफसलं आणि सासरे हरवले.

"केवढा सुंदर रंग बघ. हिची एक साडी होती अशी."

मी पाना धरून उभा. फेस विरला, तेव्हा ते भानावर आले. केबलची कुजकी टोकं कापली, आतलं तांबं चकचकीत घासलं, नवे कनेक्टर आवळले. प्लस आधी, मायनस शेवटी.

मग पहिल्यांदाच ते सासूबाईंच्या जागी बसले. सासूबाई ठेंगण्या, हे ताडमाड. गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"बाबा, सीट मागे घ्या ना."

"असू दे."

गाडी एका दमात सुरू झाली. तसेच अवघडून त्यांनी ती जवळच्या तळ्यापर्यंत नेली आणि आणली, सायकलवाले आम्हाला मागे टाकत असताना.

संस्थेकडून गाडी चालवत न्यायला एक उंच तरुण आला. सासऱ्यांनी त्याला लगेच किल्ली दिली नाही. आधी दार उघडून वाकले, सीटखालचा दांडा ओढला आणि सीट हळूच मागे सरकवली.

"पाय लांब आहेत त्याचे," ते मला म्हणाले.