पाण्याला न भेटता

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या मामाचे. सावली गावाजवळच्या तलावात मासे धरून त्याने मला पदवीपर्यंत शिकवलं. आम्हा पोरांना वाढून उरलं तरच तो जेवायचा. त्याला एकदा बसवून पोटभर खाऊ घालावं, म्हणून नोकरीतल्या पहिल्या मोठ्या सुट्टीत मी त्याला मुंबईहून गोव्याच्या क्रूझवर नेलं.

आमच्याकडे पाण्याला हात लावून तो कपाळी नेल्याशिवाय कुणी डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, बसत नाही. इथे मात्र धक्क्यावरून बंदिस्त पुलातून आम्ही थेट जहाजात शिरलो. समुद्र कितीतरी मजले खाली राहिला. जेवायला बसलो, तर मामाने ताट बाजूला सारलं.

"पाण्याले भेटलो नाई, अन् त्याच्या छातीवर बसून जेवू?"

मी त्याला डेकवरच्या पोहण्याच्या तलावाशी नेलं. त्याने बोट बुडवून हुंगलं. "हे तं दवाईचं पाणी हाय, बापू. मले काऊन फसवून राह्यला?"

कर्मचाऱ्याला विचारलं, तर पाण्यालगतचं खालचं दार प्रवासात उघडत नाही म्हणाला. मी विनवलं, चिडलो, शेवटी स्वतःही जेवलो नाही. समोर पक्वान्नांच्या रांगा, आणि आम्ही दोघे उपाशी!

दुसऱ्या दिवशी गोव्यात उतरून मामा आधी लाटेला भेटला, मग त्याने टपरीवर भजी खाल्ली.

मामाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून गावी पत्र पाठवलं:

"मामा, माझा राग अजून गेला नाई. तुले जेवताना पाहाचं होतं, तेवढंच राहिलं. पुन्हा जाऊ. आधी चौपाटीवर पाण्याले भेटू, मंगच जहाजात चढू. पण मंग मी वाढीन तेवढं खा लागंन."